पळ्या, ताटं, हंडा

१

आमच्या झरी गावाला धरणी हलते, हे आता कोणाला नवीन नाही. पहिल्या वर्षी सगळे घाबरलो होतो. अंगणात ताडपत्री बांधून झोपलो, शाळेतली पोरं झाडाखाली बसवली. मग सवय झाली. आता हादरा आला तर माणसं हातातला घास खाली ठेवत नाहीत. नुसती एकमेकांकडे बघतात आणि पुढे जेवतात.

आमच्या घरात हादरा सगळ्यांत आधी कळतो तो स्वयंपाकघरातल्या मांडणीला. ही मांडणी मी नरपडहून आणली. हे गेल्यावर चिकूची वाडी दिरांकडे राहिली आणि मी धाकट्या सूर्यकांतबरोबर इकडे आले. तो इथल्या शाळेत मास्तर. येताना दुसरं काही मागितलं नाही, मांडणी मागितली. लोखंडी आहे, अर्धी भिंत व्यापते. खालच्या आकड्यांना पळ्या, डाव, झारे टांगलेले. मधल्या दोन ओळींत ताटं उभी. सगळ्यांत वर तांब्याचा हंडा. बारीक हादरा असला तर पळ्या एकमेकींना लागतात, किणकिण होते. जरा मोठा असला तर ताटं बोलतात. आणि हंडा बोलला तर चपला न शोधता अंगणात पळायचं. हंडा आजवर दोनदाच बोललाय.

हे मी एकदा जेवताना सहज बोलले, आणि माझी नात पूर्वी, सूर्यकांतची लेक, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

पूर्वी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला, फिजिक्स घेऊन. त्या वर्षी त्यांच्यातल्या काही पोरांनी स्वतःच्या डोक्याने एकेक संशोधन करायचं होतं, पुस्तकातलं उतरवलेलं चालणार नव्हतं. कोणी खाडीच्या पाण्याचे नमुने घेतले, कोणी चिकूवरची कीड मोजली. हिचं काही ठरत नव्हतं. महिनाभर तोंड पाडून फिरत होती.

"आजी, परत सांग. आधी पळ्या. मग?"

"मग ताटं. मग हंडा."

"पप्पा, अहो ही स्केल आहे! आजीकडे स्वतःची स्केल आहे!"

"तुझ्या आजीकडे जीभ आहे," सूर्यकांत म्हणाला. "जेव आता."

२

सरकारी यंत्रं जे हादरे पकडतात त्यांची यादी पूर्वीच्या मोबाइलवर यायची. त्या यादीशी माझी मांडणी ताडून बघायची, असं तिने ठरवलं. तिचे ललित सर म्हणून होते, त्यांनाही ते पसंत पडलं. दिवसभर घरात असणारी मी एकटी, म्हणून काम माझ्याकडे आलं.

पण मला लिहिता येत नाही. घड्याळ येतं, काट्यांची तोंडं बघून. अक्षर येत नाही, आकडाही काढता येत नाही. पूर्वीने डोकं खाजवलं. मी म्हटलं, थांब. जुना मिसळणाचा डबा काढला, त्यात सात वाट्या असतात. सात वार, सात वाट्या. पळ्या बोलल्या तर त्या वाराच्या वाटीत वालाचा दाणा. ताटं बोलली तर चिंचोका. हंड्याला सुपारी. वेळ माझ्या डोक्यात. दाण्याकडे बघितलं की मला त्याची वेळ आठवायची. पूर्वीने आधी परीक्षा घेतली. मागल्या पंधरवड्यातलं मधूनच विचारी. मी सांगे, "सोमवारी पावणेअकराला पळ्या दोनदा, शाळेची घंटा व्हायच्या आधी." वहीत बघून ती कपाळाला हात लावायची.

संध्याकाळी कॉलेजातून आली की हातपाय धुवायची, चहात खारी बुडवून खायची आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसायची. मी मांडणीजवळच्या स्टुलावर. मांडीवर वही. "हं, सांग आजी."

मला अठ्ठ्याहत्तरावं सरत होतं. तोवर माझ्याकडून कोणी काही लिहून घेतलं नव्हतं. अंगठा घेतला होता दोन-तीनदा, कागदावर काय आहे ते न सांगता. आता कॉलेजात शिकणारी पोर माझा शब्द पडला की तो कागदावर धरायची. दिवसभर मी त्या पंधरा मिनिटांची वाट बघायचे. एवढंच माझं होतं. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं मी का केलं ते कळेल. त्याने केलेलं बरोबर ठरत नाही, तेही मला कळतं.

३

माझी सून नीलम उंबरगावची. चिडली की तिची गुजराती बाहेर येते. एका दुपारी ती मागच्या अंगणातून धावत आली.

"आई! छ सीटी थई गई! तीनवर बंद करायला सांगितलं होतं ना, आता सहा झाल्या! शेजारीच तर बसलाय तुम्ही!"

कुकर माझ्यापासून दोन हातांवर होता. मी त्याच्याकडेच बघत होते. वाफ दिसत होती.

"डोळा लागला गं," मी म्हटलं.

ती गेल्यावर उठले. मांडणीपाशी जाऊन एका पळीला बोटाने ढकललं. पळी हलली, शेजारचीला लागली, ती तिसरीला लागली. लागताना दिसल्या. आवाज नव्हता. दुसऱ्याच्या घरात काही चाललंय आणि आपण बंद खिडकीबाहेर उभे आहोत, तसं. मग एक ताट हलवलं. ते ऐकू आलं. माणसांची बोलणी ऐकू येत होती. बारीक, तीक्ष्ण आवाज तेवढे गेले होते.

म्हाताऱ्या माणसाचा कान जातो, त्यात लाजायचं काय, असं तुम्ही म्हणाल. पण दिवसाकाठी दोन-चार हादरे यायचे ते सगळे पळ्यांचे. ताटं आठवड्यातून एकदा बोलायची. पळ्या ऐकू येत नाहीत म्हणून सांगितलं असतं, तर पूर्वीने वही घेऊन माझ्यासमोर बसायचं कशाला?

मी सांगितलं नाही.

४

पलीकडच्या पाड्यावरची बायजी भाजी घेऊन आमच्या दारी येते. त्या दिवशी ती संध्याकाळी आली, पूर्वीही नुकतीच आली होती.

"जेवताना कसा हादरा दिला, ना?" बायजी पूर्वीला म्हणाली. "माझ्या पोराच्या, हालूच्या हातची वाटी घसरली."

पूर्वीने मोबाइल बघितला. "एक चाळीस. बरोबर." मग डबा उघडला. मंगळवारची वाटी रिकामी. "आजी? तुला नाही कळलं?"

"कळलं तर," मी म्हटलं. "पळ्या बोलल्या. दाणा टाकायचा राहिला."

"तू विसरलीस? तू?" ती हसली आणि वहीत लिहिलं. माझ्या खोट्याची ती पहिली नोंद. तिच्या सुंदर अक्षरात, निळ्या शाईत.

दुसऱ्या दिवसापासून पूर्वी यायच्या आधी मी वाटीत एक-दोन दाणे टाकून ठेवू लागले. मनाचे. सरकारी यादीत फार बारीक हादरे येत नाहीत, हे तिनेच मला सांगितलं होतं. त्या आडोशाला मी बसले. आणि रचायचं कसं ते मला येतं, जन्मभर घरादारातल्या पोरांना गोष्टी सांगत आले. गोष्टीत नेमकी वेळ घातली की ऐकणारा शंका काढत नाही. "तीनला पाच कमी होती. पळ्या एकदा. पाण्याचा टँकर नुकताच गेला होता." पूर्वी लिहायची.

तीन आठवडे असं चाललं. रोज वाटायचं, उद्या सांगेन.

५

एका रविवारी तिने तिचा जुना मोबाइल आणला, काच तडकलेला. मांडणीच्या मधल्या ओळीला कापडी पट्टीने बांधायला लागली.

"हे काय गं?"

"ह्यात एक अॅप टाकलंय. मांडणी हलली की रेघ काढतं, वेळेसकट. सर म्हणाले, आजींचं सगळं ठीक, पण पुरावा पाहिजे." मग माझं तोंड बघून म्हणाली, "तुझी परीक्षा नाही गं. उलट तुझ्याच बाजूने होईल ते. आणि मी आठवडाभर उघडून बघणारच नाही. तू तुझे दाणे टाक."

 आता सापडणार. त्या आठवड्यात वाट्या रिकाम्याच ठेवाव्यात असं मनात आलं. पण रोज दाणे टाकणारी आजी फोन बांधल्यावर गप्प का झाली, हे न कळायला पूर्वी काही खुळी नव्हती. म्हणून थोडेच टाकले. सात दिवसांत आठ वाल, एक चिंचोका. नऊही खोटे. त्यातलं एकेक मला आजही पाठ आहे.

६

पुढल्या रविवारी सकाळी मी वाल सोलत बसले होते. पूर्वी टेबलावर लॅपटॉप उघडून होती. माझी बोटं चालत नव्हती. मनात वाक्य तयार करून ठेवलं होतं, "पोरी, माझा कान गेला, मला माफ कर." तिने वर बघितलं की बोलायचं.

ती खुर्ची मागे सारून उठली. "आजी!"

वालाची पाटी माझ्या मांडीवरून सांडली.

"सगळे जुळले! नऊच्या नऊ! मिनिटाला मिनिट!" तिने येऊन मला मिठी मारली. "बुधवारी सव्वातीनला पळ्या म्हणालीस ना? तीन पंधरा. बघ ही रेघ. आणि सरकारी यादीत ह्यातलं एकही नाही, कळतंय का तुला? त्यांच्या यंत्राला सापडलं नाही ते तुला सापडलं!"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. 

मग दिवसभर स्वतःला समजावलं. कान गेला तरी पायांना कळत असेल. अंगाला कळलं असेल आणि तेच तोंडातून आलं असेल. पण माझी आठवण फार नेमकी, हेच वाईट. बुधवारी सव्वातीन का म्हटलं ते मला आठवत होतं. पूर्वी दारात चपला काढताना दिसली, तेव्हा मी सव्वातीन निवडलं, कारण पावणेतीन आदल्या दिवशी वापरून झालं होतं.

ललित सरांनी दुसरा मोबाइल जमिनीवर ठेवायला लावला. आणखी आठवडा गेला. जमिनीवरच्या मोबाइलची रेघ सरळ, मांडणीवरच्याला टोकं. म्हणजे मी सांगेन त्या वेळी जमीन हलत नव्हती. मांडणी हलत होती.

"काही वस्तूंचा स्वतःचा ताल असतो," पूर्वीने मला समजावून सांगितलं. "लांबून बारीक काही आलं, तरी तेवढीच वस्तू हलते." सरांनी त्यालाही एक इंग्रजी नाव दिलं. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. नाव मिळालं की माणूस पुढचं विचारत नाही.

७

तरी मला राहवेना. एका मंगळवारी जेवण आटोपल्यावर स्टूल मांडणीसमोर ओढलं आणि बसले. हातभर अंतर. घड्याळात बारा चाळीस. घरात नीलम आणि मी, तीही वर गच्चीवर कुरडया घालत होती.

मी पळ्यांवरून नजर काढली नाही. आठ पळ्या, दोन झारे, एक डाव. दुपारचं ऊन खिडकीतून आलं, ताटांवर चढलं, हंड्यापर्यंत गेलं. एकही पळी हलली नाही. एक वाजला, दोन वाजले, अडीच वाजले. मान अवघडली तेव्हा उठले. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आज मी डोळ्यांनी बघितलं होतं. आज मी खोटं बोलेन, ते जुळणार नाही, आणि सगळं एकदाचं संपेल. मी पकडली जाईन. जाऊ दे.

संध्याकाळी पूर्वी बसली. मी म्हटलं, "बरोबर दोनला. ताटं. अकरा वेळा."

"अकरा?" तिची भुवई वर गेली. "आजी, ताटं एकदा नाहीतर दोनदा बोलतात. अकरा?"

"अकरा."

तिने पट्टी सोडली, मोबाइल बघितला. बोट ठेवून मोजायला लागली. मी तिच्या ओठांकडे बघत होते. नऊ. दहा. अकरा.

"ह्याला फोन कशाला पाहिजे?" नीलम पीठ मळता मळता म्हणाली. "गच्चीवर ऐकू आलं मला. केवढा दणदणाट! मी घाबरून जिन्यातून खाली आले, तर आई बिनधास्त मांडणी धरून उभ्या. खिडकीतून दोन हाका मारल्या. वळल्या पण नाहीत."

"मी स्टुलावर बसले होते," मी म्हटलं.

"उभ्या होतात, आई. पाठमोऱ्या. ते मोरपंखी लुगडं नेसून." बोलता बोलता तिने माझ्याकडे बघितलं. मी पांढऱ्यावर चॉकलेटी फुलांचं नेसले होते, सकाळपासून तेच. "बदललंत काय मग?"

"हो," मी म्हटलं.

मोरपंखी लुगडं माझ्याकडे नाही. कधी नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवताना एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. मी मांडणीपासून हातभर अंतरावर बसले होते. मांडणी धरून कोणी उभं असेल, तर ते मांडणीच्या आणि माझ्या मधे होतं. माझ्या गुडघ्यांना टेकून.

८

शनिवारी ललित सर मोटारसायकलवरून घरी आले. तरुण माणूस, वाकून नमस्कार केला. पूर्वीने एक मोठा छापील कागद भिंतीला लावून दाखवला. त्यावर मांडणीचा फोटो, शेजारी माझा. फोटोखाली माझं नाव छापलंय म्हणाली. ते नाव मला वाचता येत नव्हतं, पण ते माझं आहे एवढं ठाऊक होतं. सूर्यकांतने खिशातून चष्मा काढला, त्या कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. इतकी वर्षं मी त्याची आई आहे, असं त्याने कधी बघितलं नव्हतं.

"आज आपण दिवसभर व्हिडिओ घेऊ," सर म्हणाले. "पूर्वी, तू आतच बस, मांडणीला अगदी लागून. आम्ही कोणी आत येत नाही. आजी नेहमीसारख्या बसतील."

पूर्वी उठली, मांडणीपाशी जाऊन टेकून बसली. त्या दिवशी जिथे कोणी उभं होतं, तिथे.

"उठ तिथून," मी म्हटलं.

"का गं?"

"उठ आधी. बाहेर ये." आवाज माझा मला मोठा लागला. "मी खोटं सांगत होते. मला पळ्या ऐकू येत नाहीत. मार्गशीर्षापासून येत नाहीत. दाणे मी मनाचे टाकले."

 नीलमने गॅस बंद केला.

"असं कसं?" पूर्वी हळूच म्हणाली. "मग फोनमध्ये आलं कसं?"

 ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत ते एकेक करून जुळताना मला दिसत होतं. जमीन हलत नाही. मांडणी हलते. घरात आजी एकटी. मम्मीने आजीला मांडणी धरून उभी बघितलं.

"आजी, तू हलवायचीस?"

काय सांगणार होते? तुझ्या आईने बघितली ती मी नव्हे, असं? पोरीला ह्याच घरात राहायचं होतं, तहान लागली की ह्याच स्वयंपाकघरात यायचं होतं. आणि खरं सांगायचं तर कारण तेवढंच नव्हतं. खोटारडी ठरायला मी तयार झाले होते. वेडी ठरायला नाही.

"हो," मी म्हटलं.

सूर्यकांतने चष्मा काढून खिशात ठेवला. सर भले माणूस. "असं होतं कधी कधी, आजी," म्हणाले. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर सोपं गेलं असतं. अंगणात ते पूर्वीला सांगत होते, ही सगळी माहिती बाजूला काढ, पाड्यावरची घरं धर, नव्याने सुरू कर, वीस दिवस आहेत. तिने भिंतीवरचा कागद काढला. दुमडताना घडी नेमकी माझ्या फोटोवरून गेली. मुद्दाम नव्हे, कागदच तेवढा होता.

तिने मोबाइल सोडून नेले. नीलमने डब्यातले दाणे काढून त्यात हळद-मोहरी भरली.

९

त्यानंतर मी पडवीतल्या झोपाळ्यावर बसू लागले. जेवायला तेवढी आत जायचे, ताटातच बघत जेवायचे आणि बाहेर यायचे. पूर्वी संध्याकाळी माझ्यासमोरून घरात जायची. "आलीस?" मी म्हणायचे. "हं," ती म्हणायची. तेवढंच.

तिचं काम काही नीट होत नव्हतं. पाड्यावरची माणसं दिवसभर कामाला बाहेर, घरी कोण मांडणीकडे बघत बसणार? एकदा सूर्यकांतला सांगताना रडली, "पप्पा, चार घरांत मिळून सहा नोंदी आहेत माझ्याकडे. सहा! काय दाखवू मी?" मी बाहेर ऐकत होते. ते तेवढं ऐकू आलं.

आठ दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. गुरुवार. सूर्यकांत शाळेत, नीलम तलासरीच्या बाजारात. पूर्वी लवकर आली, माझ्याकडे न बघता आत गेली. तिच्या चहाची वेळ झाली, गेली. मग आतून तिचं हसू आलं. दोन आठवड्यांत ती हसली नव्हती. फोनवर असेल म्हणून मी उठले नाही. मग ऐकलं, "हळू, हळू सांग ना. लिहितेय मी."

मी उठले. बाहेरची खोली ओलांडून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. दार अर्धं लोटलेलं होतं. पूर्वी जमिनीवर मांडी घालून बसली होती, माझ्याकडे पाठ. मांडीवर वही. पेन भरभर चालत होतं. ती थांबायची, मान वर करायची, ऐकायची आणि परत लिहायची. ती कोणाचं ऐकत होती ते मला ऐकू येत नव्हतं. मांडणीवरच्या पळ्या बारीक हलत होत्या. त्याही मला ऐकू येत नव्हत्या.

"आणि सव्वाचारला? ताटं की पळ्या? ... दोनदा. बरं."

दाराच्या फटीतून स्टुलाची कड दिसत होती. कडेवरून जमिनीपर्यंत मोरपंखी काठ आलेला. निऱ्या नीट, मी घालते तशा.

"सॉरी गं," पूर्वी म्हणाली. "सगळ्यांसमोर मी तुला तसं विचारायला नको होतं. तू खोटं कशाला बोलशील? बघ ना, सगळं बरोबर येतंय." तिने डोकं पुढे टेकवलं. एक हात आला आणि तिच्या केसांवरून फिरू लागला. म्हातारा हात, शिरा वर आलेल्या. हळू फिरत होता, कपाळापासून मागे. ती लहान असताना मी फिरवायचे तसा.

माझा पाय उंबऱ्याला लागला. पूर्वीने वळून बघितलं नाही.

"मम्मी, आलीस का? दार लोटून घे ना जरा. बाहेरचा आवाज आला की आजीला नीट सांगता येत नाही."

तो हात थांबला होता. पूर्वीच्या डोक्यावर तसाच. थांबून माझी वाट बघत होता.

मी आत जायला हवं होतं. पोरीचा दंड धरून तिला बाहेर ओढायला हवं होतं. नुसती हाक जरी मारली असती, तरी तिने वळून बघितलं असतं. आणि मग दोघींकडे बघितलं असतं. एकीला सगळं ऐकू येतं, वेळ चुकत नाही, पोरीचं काम अडत नाही. दुसरीने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. पूर्वीने खरी कुठली म्हणून कोणाकडे बोट दाखवलं असतं, ते मला ठाऊक होतं. ते बघायची माझी छाती झाली नाही.

मी दार लोटून घेतलं.

कडी मात्र लावली नाही. माझ्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे.